लाल दिवा

शुक्रवारी 'गणपूर्ती'चे आठही भाग एकदम आले
आणि नऊ वाजून सात मिनिटांनी जेलरोडवरून पहिला फोन:
लाल दिवा लागलाय, लवकर ये.
मोटारींच्या टपावरचे लाल दिवे कधीच गेले,
आता ते माझ्या गिऱ्हाइकांच्या राउटरवर लागतात.
शिडी स्कूटरला बांधून मी निघतो.

गायधनी काका छत्तीस वर्षं नोटप्रेसला होते.
मंत्र्याच्या पलंगाखालून पोती निघतात, तिथे त्यांनी थांबवलं,
काठीच्या टोकानं पडद्यावर टकटक केलं:
पट्टी बघ बंडलाची, उलटी. आणि नंबर सगळ्यांचा एकच.
आमच्याकडे एक नोट कमी भरली
तर अख्खी पाळी घरी जात नसे.
पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. मागे नेऊन पुन्हा पोती.
काकू आतून म्हणाल्या, गोष्ट काय आहे ते तरी कळू द्या.

बिडव्यांच्या सलूनमध्ये वस्तरा गालावर थांबतो.
अर्धा फेस लावलेला माणूस म्हणतो,
सभापती कुठे असतो का इतका सडपातळ?
वाल्मीक म्हणतो, बोलतो मात्र आपल्या वॉर्डातल्यासारखाच,
बघतो, करतो, सांगतो, आणि गाडीची काच वर.
सगळे हसले. बाकावर पेपर धरून बसलेला हसला नाही.
तो वॉर्डातल्याचा मेहुणा.

गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत पोरींनी
राज्यपालांचं पत्र वहीत उतरवून घेतलं,
कलम चुकलंय की नाही यावर रात्री दोनपर्यंत भांडल्या.
करुणा आहिरे रडली ती भलत्याच जागी:
हाकललेला पीए घरी येतो
आणि आई विचारते, जेवलास?

कुणाला शेवट पटला नाही. कुणाला शिव्या जास्त वाटल्या.
सिडकोतल्या एक बाई म्हणाल्या, सुनेचा पदर येवल्याचा नाही, नक्की.

मी सगळ्यांना एकच विचारतो, तार सोलताना, सहज:
सहाव्या भागातला केबलवाला कसा वाटला?
कोण केबलवाला?
तो हो, विरोधी बाईचं भाषण चालू असताना खटका पाडतो.
अर्ध्या मिनिटाचाच आहे. तोंड दिसत नाही, फक्त हात.
असेल बाबा, म्हणतात. चहा घेणार?

सेट-टॉप बॉक्स यायच्या आधीची गोष्ट.
गच्चीगच्चीवरून माझी काळी तार जायची, बाराशे घरं.
मतदानाला तीन दिवस होते.
लोकल चॅनलवर शकुंतला मोजाड पाण्याच्या टाकीवर बोलत होत्या,
चष्मा नाकावर, कागद डोळ्यांशी धरून.
मी पिन उपटली.
एकोणीस मिनिटं बाराशे घरांत मुंग्या.
त्या एक्केचाळीस मतांनी पडल्या.
मला काय मिळालं ते लिहीत नाही.
थोडंच होतं.

रविवारी दसकहून फोन. लाल दिवा.
नाव ऐकून मी पोराला पाठवणार होतो,
पोरगा नेमका सासुरवाडीला.

मोजाडताई आता फार जाड भिंगातून बघतात.
पडदा गोठलेला होता,
मधोमध गोल फिरत होतं, आणि त्याच्यामागे
तोच हात, खटक्यावर.
मी खाली बसून काचेच्या केसाएवढी तार जोडत राहिलो.
त्या म्हणाल्या, अर्धा तास हेच बघतेय.
बोटाला काळी चिकटपट्टी गुंडाळलीय बघ त्याच्या.
तूही गुंडाळायचास.

दिवा हिरवा झाला.
झालं ताई, मी म्हणालो, आणि शिडीकडे वळलो.
थांब की, त्या म्हणाल्या, बस जरा,
बघू त्याला धरतात का.

आठही भाग मी पाहिलेत, दोनदा.
बसलो.